शिकल्याशिवाय घास नाही

“माई, दहा वर्षांनी कुठलं काम शिल्लक राहील, तेवढंच सांगा.”

नमस्कारही न करता मैथिली विचारून मोकळी झाली.

दहावीला त्र्याण्णव टक्के मिळवलेली पोर. अकरावीचा फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस, आणि फॉर्म अजून कोरा. वहीत तिने चाळीस व्यवसाय लिहिले होते आणि एकेक करत सगळे खोडले होते. हे मशीन करणार, तेही मशीनच करणार. मग शिकायचं तरी कशाला? महिनाभर तिला धड झोप नव्हती, म्हणून तिची आई, सुलभाताई, तिला नदीकाठच्या मठात भागीरथीमाईंकडे घेऊन आल्या होत्या.

माईंपुढे वरणभाताचं ताट होतं. वर केळीचं पान झाकलेलं.

“सांगते की. पण आधी तू मला काहीतरी शिकव. त्याशिवाय मला घास घेता येत नाही.”

“म्हणजे?”

“वसा आहे बाळा माझा. तुझ्याएवढी होते. लोकांची दळणं दळायची आणि पोट भरायचं. गावात गिरणी आली अन् माझं जातं थांबलं. तीन दिवस रडले. चौथ्या दिवशी देवीपुढे बोलले, रोज कुणाकडून तरी नवं काही शिकेन, मगच जेवेन.”

“पहिल्या दिवशी कुणाकडे गेलात?”

“गिरणीवाल्याकडे. म्हटलं, दादा, पट्टा कसा चढवतात ते दाखव.”

मैथिलीने वही मिटून मांडीवर ठेवली.

मग म्हणाली, “त्यात काय! मोबाइल शिकवते.”

“तो पुजाऱ्याच्या नातवाने शिकवला. फोटोसुद्धा पाठवते मी.”

“बरं, विजेचा धडा सांगते. पैकीच्या पैकी होते मला.” तिने घडाघडा चार वाक्यं म्हटली.

“म्हणजे काय गं?”

“म्हणजे... पेपरात एवढंच लिहायचं असतं, माई.”

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. वरण निवून घट्ट झालं. माई मात्र हात मांडीवर ठेवून स्वस्थ.

सुलभाताईंनी लेकीला कोपराने ढोसलं. “अगं, म्हातारं माणूस उपाशी बसलंय! काहीतरी येत असेल ना तुला?”

“नाही येत गं आई. मला काहीच येत नाही!”

आवाज चिरकला. डोळे भरून आले.

“काहीच?” माईंनी हळूच विचारलं.

“...शिट्टी येते. दोन बोटांची.”

“अगोबाई! मठात शिट्टी?” सुलभाताईंनी कपाळावर हात मारला.

माईंनी दोन्ही हात पुढे केले. “कुठली बोटं?”

मैथिली पुढे सरकली. तिने माईंची सुरकुतलेली बोटं धरून ओठांत बसवली. “जीभ मागे दुमडा. अशी नाही हो, माई! आता फुंका.”

माईंना पुढचे दात नाहीत. नुसती हवा आली, आणि थुंकी.

मैथिलीला हसू फुटलं. तिने ओढणीच्या टोकाने माईंची हनुवटी पुसली, पुन्हा बोटं बसवली. पुन्हा हवा. पुन्हा बोटं. “जमेल, माई. मलाही आठ दिवस लागले होते.”

वही केव्हाच मांडीवरून घसरून पडली होती. तिला पत्ता नव्हता.

अर्ध्या तासाने एक बारीक, वाकडी शिट्टी वाजली. उंबरावरचे कावळे उडाले. सुलभाताईंनी नकळत टाळ्या वाजवल्या.

माईंनी पान बाजूला केलं, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला.

“माई, माझं उत्तर राहिलं.”

माई घास घोळवत राहिल्या...

“फॉर्म तुझ्या मनाने भर, बाळा. माझं मागणं एवढंच आहे. उद्या तूही कुणाच्या तरी दारात उपाशी बस.”