मागचा वायपर आणि आठ सेकंद

गाड्यांचे भाग आपसांत बोलायचे, तेव्हाची गोष्ट. मंदाताई चालवायच्या त्या शाळेच्या गाडीला मागच्या काचेवर वायपर होता. बटण दाबलं की तो सुरू व्हायचा आणि बंद करेपर्यंत थांबायचाच नाही. पाऊस नुसता भुरभुरला तरी आपला घासतोय.

"अरे, पुरे की! चरे पडतायत मला," काच कळवळायची.

"आणि मी थांबलो, तेव्हाच मागे एखादं पोर आलं तर? मंदाताईंना दिसायचं कसं?"

एके दिवशी गाडी मागे घेताना मंदाताईंना मागची पोरगी दिसलीच नाही. ती किंचाळली, म्हणून ब्रेक लागला. काचेवर चरेच चरे होते.

मंदाताईंनी गाडी थेट गॅरेजात नेली. तिथले इस्माईलचाचा म्हणाले, "ताई, ह्या वायपरला उसंतच नाही, मग काच कशी राहील? चरे घासून काढतो, अन् वायरीत ही डबी बसवतो. एकदा पुसेल, मग आठ सेकंद गप बसेल."

"आठ सेकंद!" वायपर हादरला. "तेवढ्यात काय नाही होणार?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना भुरभुर लागली. मंदाताई गाडी मागे घेऊ लागल्या. वायपर एकदा पुसून थांबला. काचेवर एक थेंब पडला, मग चार. त्याचा जीव खालीवर झाला.

"घाबरू नकोस रे," काच म्हणाली. "चार थेंबांनी मी आंधळी होत नाही. बघ तरी."

वायपरने पहिल्यांदाच थांबून पाहिलं. थेंबांच्या मधून एक पोर दप्तर सांभाळत गाडीमागून चाललं होतं. मंदाताईंनाही ते दिसलं.

"जा रे राजा, सावकाश जा," म्हणत त्या थांबल्या.

आठ सेकंद कधी संपले, वायपरला कळलंही नाही.