पंचांची सहल आणि मानाचा नारळ

"ही वाटी बुडेपर्यंत वेळ आहे तुला," हिंदुराव राजे गरजले. "तेवढ्यात या तिघांच्या तोंडून खरं काढ! पण प्रश्न विचारायचा नाही. एकसुद्धा नाही! नाही जमलं, तर उद्यापासून तुझी नाव काठावर पालथी!"

सेवकानं घंगाळातल्या पाण्यावर भोकाची वाटी सोडली. भिवरा नावाडीण वाटीकडं बघत राहिली. घरात दोन लहान लेकी, आणि नावेशिवाय दुसरा आधार नाही. आता काय करावं बाईनं?

झालं होतं ते असं. सावरघाटच्या लोकांनी मडक्यात चिंचोके टाकून तीन पंच निवडले होते: पिलाजी, रंगोपंत आणि सखोबा. गेल्या महिन्यात हे तिघे पंधरा दिवस गावातून गायब झाले आणि चांगले गुटगुटीत होऊन परत आले. आल्या आल्या निवाडा काय दिला? तर नदीचा घाट हरशेठच्या पाणपोई मंडळीला! म्हणजे यापुढं नाव चालणार ती फक्त मंडळीची. मंडळी धर्मादाय बरं का, वाटसरूला पाणी पाजणारी!

राजांचा कायदा मोठा कडक होता. दुसऱ्याच्या खर्चानं फिरून आलेल्या पंचानं आठ दिवसांत दवंडी पिटायची: कुठं गेलो, कुणाच्या खर्चानं गेलो, कशासाठी गेलो. लपवलं, तर त्याचा निवाडा रद्द. भिवरानं दरबारात दाद मागितली. राजांनी पंचांना विचारलंही. तिघांनी गळ्याला हात लावून सांगितलं, "देवदर्शनाला गेलो होतो महाराज, स्वखर्चानं!"

"हे खोटं हाय, पुन्यांदा इचारा," भिवरा म्हणाली. झालं! राजे हट्टाला पेटले. "राजानं एकदा विचारलं, पंचांनी उत्तर दिलं. आता त्यांना पुन्हा कुणी प्रश्न विचारायचा नाही!"

भिवरानं तिघांकडं पाहिलं. हे तिघे तिला चांगले ठाऊक होते. दर बाजाराला नावेत चढताना पुढच्या फळीवर कोण बसणार यावरून यांची जुंपायची. एकदा तर सखोबा रुसून पोहत पलीकडं गेले होते, धोतरासकट! ते आठवलं आणि तिला खुदकन हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं.

"हरले मी महाराज," ती हात जोडून म्हणाली. "थोरामोठ्यांशी वैर नको. जाता जाता पंचांम्होरं एक मानाचा नारळ तेवढा ठेवू द्या."

राजांनी भुवई उंचावली, पण मान हलवली.

भिवरानं नारळ नेला तो थेट पिलाजींच्या पुढ्यात. "नारळ एकच हाय, तवा ज्याचा मान मोठा त्याला. घाटावर समदी बोलत्यात, पालखी म्हणं एकट्या पिलाजीरावांना व्हती. बाकीचे दोघं मागनं धूळ खात पायी गेले."

पिलाजींनी मिशीवर हात फिरवला. रंगोपंतांना मात्र ते झोंबलं.

"पायी? मी पायी? मंडळीनं मलाही पालखी दिली होती! सहा भोई होते, सहा!"

"काय फेकताय पंत!" पिलाजी उसळले. "सहा माझ्या पालखीला होते. तुमच्या पालखीला चार! त्यातला एक लंगडा!"

दरबारात खसखस पिकली. सखोबा मात्र पक्के. ओठ घट्ट मिटून, नजर छताला लावून बसले. तिकडं वाटी अर्धीअधिक भरली होती.

भिवरानं मोठा सुस्कारा सोडला. "जाऊ द्या. मला तर सखोबांचंच लई वाईट वाटतं. त्यांना म्हणं पंगतीत पाटच मांडला न्हाई. भोयांच्या संगट बसवलं, पिठलं-भाकर खायला."

सखोबांचे कान लाल झाले. ओठ थरथरले. आणि मग बांध फुटला!

"पिठलं? मला पिठलं?" ते ताडकन उभे राहिले. "अरे, हरशेठनं स्वतःच्या हातानं बासुंदी वाढली मला! पहिला पाट माझा होता! घाट मंडळीला द्यायची गोष्टसुद्धा त्यानं आधी माझ्याच कानात सांगितली. या दोघांना मागाहून कळली, हात धुताना!"

बोलून गेले आणि मट्कन खाली बसले. घंगाळात वाटी गुडुप् करून बुडाली.

"महाराज," पिलाजी घाम पुसत पुटपुटले, "मंडळी धर्मादाय आहे. धर्माच्या पैशाची कसली दवंडी?"

"धर्माचा होता, तर लपवला कशाला?" राजे कडाडले. "निवाडा रद्द! आणि ढोल गळ्यात अडकवून तुम्ही तिघं स्वतः गावभर दवंडी पिटायची. पालखीपासून बासुंदीपर्यंत सगळं सांगायचं!"

तिघं ढोल घेऊन निघाले, तर दारातच अडले. पुढं कोण चालणार यावरून पुन्हा जुंपली! आता मात्र राजांना हसू आवरेना. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं.

"घाट तुझाच राहील. पुनवेला मी पलीकडं देवीला जाणार आहे, तुझ्याच नावेतून. काय गं, राजाला फुकट नेशील ना?"

"नेईन की महाराज! पुढच्या फळीवर बसवीन!" भिवरा म्हणाली. "फकस्त उतरल्यावर जरा थांबा. ढोल मी काठावर आणून ठेवते. 'राजे भिवरा नावाडणीच्या खर्चानं फिरून आले' एवढं गावाला वरडून सांगा, मग खुशाल देवीला जावा!"

राजे इतके हसले, इतके हसले, की डोक्यावरचा मंदिल घरंगळून मांडीवर आला. डोळे पुसत त्यांनी दुसरंही कडं काढलं आणि तिच्या ओंजळीत टाकलं.

"हे घे बाई, नावेचं भाडं, आगाऊ! पण तो ढोल नको!"