पंपाखालचं भोक

“मग गळतंय कुठून?”

मिस्त्रींनी तिसऱ्यांदा विचारलं. मीही तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

“पाइप पाहिले. क्लिपा आवळल्या. रेडिएटर कोरडा आहे. कुठूनच गळत नाहीये.”

“कुठूनच नाही?”

“नाही.”

त्यांनी मोटारसायकलखालचा पुठ्ठा ओढला आणि माझ्या नाकासमोर धरला. मधोमध रुपयाएवढा हिरवट ओला डाग. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, म्हणजे कूलंटचा.

“मग हा पुठ्ठाच खोटारडा म्हणायचा.”

मी पुन्हा गाडीखाली वाकले.

शेवगावला बाजार समितीच्या मागच्या रस्त्यावर शलमोन मिस्त्रींचं गॅरेज होतं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. मी पदवी घेऊन त्यांच्याकडे हातानं काम शिकायला गेले होते, आणि अकरा महिने झाले तरी एकही गाडी माझ्या भरवशावर बाहेर पडली नव्हती.

तिथली रीतच तशी होती. गाडी नीट झाली, की मिस्त्री मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूनं ‘बरोबर’ची खूण करायचे, वहीत बाई करतात तशी. त्यांच्या पत्नी, रूथबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्या गेल्या आणि घरात खडूंची एक पेटी उरली. त्यातला एक खडू मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात असायचा. खुणेशिवाय गाडी दारातून हलत नसे. आणि तो खडू त्यांनी कुणाच्या हातात कधी दिला नव्हता.

त्या सोमवारी मात्र ते म्हणाले होते, “ही गळती तू शोध, तूच काढ. मग खूण तू मार.”

मला रात्रभर झोप नव्हती.

एक गोष्ट सांगायला हवी. मी दचकते. लहानपणापासून. पाना पडला, शटर वाजलं, मागून कुणी हाक मारली… की माझे खांदे थेट कानांपर्यंत. समोरचा टायरवाला तर मजा म्हणून पत्र्यावर हातोडी मारायचा.

“इंजनेरबाई,” मिस्त्री म्हणायचे, “पाना पडलाय. आभाळ नाही.”

सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि मनात म्हणायचे, अशा बाईच्या हातात कोण गाडी देईल?

म्हणून त्या आठवड्यात मी कानांत कापूस घालायला लागले. वर केस मोकळे सोडले की दिसत नसे. दोन दिवस एकदाही दचकले नाही. वाटलं, सुटले.

“इंजिन धू,” पुठ्ठा खाली टाकत मिस्त्री म्हणाले, जरा मोठ्यानं. “मग वाळव. मग खडू.”

त्यांनी झिजलेला एक तुकडा पान्याखाली चुरला, फडक्यात बांधला आणि ती पुरचुंडी मला दिली. खडू नाही, चुरा.

मी इंजिन धुतलं, वाळवलं, त्यावर पुरचुंडी आपटत गेले. सगळं पांढरं झालं. न्हाऊ घातलेल्या बाळाला पावडर लावतात तसं. मग दहा मिनिटं गाडी चालू ठेवून बंद केली आणि समोर पाटावर बसून राहिले.

हे बसणं मला अजून आठवतं. सकाळचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं. थंड होत जाणाऱ्या इंजिनाची टिक टिक, ती कापसामुळे कुठून तरी लांबून यायची. आणि कूलंटचा तो गोडसर वास, काकवीसारखा. आता मी ज्या कारखान्यात आहे, तिथं गळती दाखवणारा निळा दिवा आहे. दोन मिनिटांत दाखवतो. तिथं कुणी पाटावर बसत नाही.

मग पांढऱ्यात एक ओली रेघ उतरली.

रेघेच्या वरच्या टोकाला पाण्याचा पंप होता. पंपाच्या पोटाशी एक भोक. इतकं बारीक, की दाभणानं पाडलंय असं वाटावं.

“सापडलं!” मी ओरडलेच. “मिस्त्री, ओतकामातला दोष आहे. धातू ओतताना हवा अडकली की असं भोक राहतं. आम्हाला परीक्षेत प्रश्न होता यावर.”

“किती मार्कांना?”

“आठ.”

“मिळाले?”

“आठही.”

“हं…”

ते वाकले, भोक पाहिलं, आणखी काही म्हणणार होते. तेवढ्यात स्टँडवर बंद पडलेल्या जीपसाठी बोलावणं आलं. हत्यारांची पेटी घेऊन ते निघाले. दारातून वळून काहीतरी म्हणाले. मी मान हलवली.

ते गेल्यावर मी इपॉक्सीची गोळी मळली आणि भोक बुजवलं. वरून बोट फिरवून इतकं साफ केलं, की तिथं भोक होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

बुधवारी सकाळी मी गॅरेज उघडलं. पुठ्ठा कोरडा होता.

तो पुठ्ठा मी छातीशी धरला होता, हे लिहिताना आता लाज वाटते.

गाडी चालू केली. चांगली तापू दे, म्हणून अर्धा तास चालू ठेवली. समोर उभी राहून नुसती पाहत होते. मडगार्डच्या आत कुठं खूण करायची, तेही ठरवून टाकलं.

एकाएकी माझ्या खांद्यावरून एक काळा हात पुढं आला आणि त्यानं चावी फिरवली.

मिस्त्री. त्यांचे ओठ हलत होते.

“काय?”

“तीन हाका मारल्या.”

“हे पाहा ना,” मी पुठ्ठा पुढं केला. “एक थेंब नाही!”

त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही. ते खाली बसले आणि इंजिनाच्या बुडाशी असलेल्या गोल काचेवर बोट ठेवलं. त्या काचेतून आतलं ऑइल दिसतं. काल ते मधासारखं होतं.

आज काचेत दुधाचा चहा होता.

मी पाहत राहिले…

“आत दोन सीलं असतात,” मिस्त्री हळू बोलत होते. मला जवळ सरकावं लागलं. “एक पाणी अडवतं, एक ऑइल. मधी हे भोक. कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं.”

“मुद्दाम? कशाला?”

“पाण्याचं सील गेलं, की थेंब बाहेर यावा म्हणून. आपल्याला कळावं म्हणून.”

“आणि बुजवलं तर?”

त्यांनी काचेवर नखानं दोनदा टकटक केलं.

“काल जाताना म्हटलं होतं, मी येईतो हात लावू नको. तू मान हलवलीस.”

मी केस कानांवर आणखी पुढं ओढले.

मिस्त्रींनी दाभण घेतलं. बसल्या बसल्या, घाई न करता, भोकातली गोळी टोकरून बाहेर काढली. मुगाएवढी होती. ती त्यांनी कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवली. मग माझ्यासमोर तळहात पसरला.

मी त्यावर दहा नंबरचा पाना ठेवला.

त्यांनी तो खाली ठेवला. तळहात पुन्हा पुढं.

मी फडकं दिलं.

तेही खाली. तळहात तसाच.

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर बंद पडला असावा, सगळीकडे एकदम शांत वाटलं. मी केस मागे केले. डाव्या कानातला कापूस काढला. मग उजव्या. दोन्ही त्यांच्या हातावर ठेवले.

मिस्त्रींनी ते पुठ्ठ्यावर ठेवले, गोळीच्या शेजारी. मग उठले आणि चहा सांगायला गेले.

दुपारी फुंदे डॉक्टर आल्या. गाडी त्यांचीच. जनावरांच्या डॉक्टर होत्या, वाड्यावस्त्यांवर याच गाडीवर फिरायच्या. आल्या आल्या सीटवर थाप मारली. मी दचकले.

“काय गं, झाली का? संध्याकाळी मला म्हैस बघायला जायचंय.”

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री डब्यात नट निवडत होते. एकेक नट उजेडात धरून पाहायचे, पुन्हा डब्यात टाकायचे.

“नाही झाली,” मी म्हणाले. “काल नुसता थेंब पडत होता. आज पाणी ऑइलमध्ये गेलंय. सगळं खोलावं लागेल.”

“एका दिवसात? कुणी केला हा पराक्रम?”

नटांचा आवाज थांबला.

“मी केला.”

“तू?”

“थेंब जिथून येत होता ते भोक मी बुजवलं. बुजवायचं नसतं. मला माहीत नव्हतं… मिस्त्रींनी हात लावू नको म्हटलं होतं, तेही मी ऐकलं नाही. पण मीच नीट करीन. शुक्रवारपर्यंत.”

“आणि शुक्रवारपर्यंत मी काय म्हशीवर बसून म्हशी तपासू?” डॉक्टर मिस्त्रींकडे वळल्या. “तुम्ही काहीच बोलत नाही, मिस्त्री?”

“बोलली की ती.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हेल्मेट काखेत मारलं.

“माझी सायकल तरी नीट आहे का ते बघते,” म्हणाल्या आणि रागानं पाय आपटत गेल्या. रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांची पाठ मला दिसत होती.

पंप खोलला. दोन्ही सीलं नवी घातली. ऑइल दोनदा काढून टाकलं, तिसऱ्यांदा भरलं. त्या तीन दिवसांत किती वेळा दचकले याची गणती नाही. टायरवाल्याची हातोडी, कुत्र्यांची भांडणं, दूधवाल्याचा हॉर्न. पण त्याच दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की पंपाचं बेअरिंग झिजलं की ते बारीक किणकिण करतं, आणि नवं घातलं की नुसतं गुणगुणतं. मी ते मिस्त्रींना सांगितलं.

“बेअरिंग बदल म्हणून मी कुठं म्हटलं होतं?” ते म्हणाले.

“आवाज येत होता.”

“हं…”

शुक्रवारी दुपारी गाडी पुठ्ठ्यावर उभी होती. अर्धा तास चालवून बंद केलेली. मी गुडघ्यांवर बसले. पुठ्ठा कोरडा. काच मधासारखी. आणि पंपाच्या पोटाशी ते बारीक भोक, उघडं, कोरडं.

“पाहिलंस?” मागून मिस्त्री.

“पाहिलं.”

“नीट?”

“नीट.”

मी वाट पाहिली…

माझ्या अगदी मागं फरशीवर दाणकन पाना आदळला.

मी अशी उडाले, की हँडल डोक्याला लागलं. डोकं धरून वळले. बत्तीस नंबरचा पाना अजून फरशीवर थरथरत होता, आणि मिस्त्रींचा रिकामा हात हवेत तसाच होता. या वेळी ते हसत नव्हते.

तो हात शर्टाच्या खिशात गेला. रूथबाईंचा खडू बाहेर आला. त्यांनी तो माझ्या ऑइलनं माखलेल्या तळहातावर ठेवला.

“कान चालू आहेत,” ते म्हणाले. “मार खूण.”