चिंचेचा मान

त्या राज्यात प्रत्येकाची किंमत चकाकीवर ठरत असे. राज्य तांब्यापितळेचे होते, त्यामुळे याचे कोणाला नवल वाटत नव्हते. गादीवर तांब्याचे घंगाळ विराजमान होते आणि दरबारात कळश्या, पातेली, पराती आपापल्या मानाने बसत. राजपुरोहिताचे काम नारळाच्या शेंडीकडे होते. सणाच्या आदल्या दिवशी ती चिंचेचा गोळा मिठात घोळवी आणि एकेकाला अंग धरून चोळी. वर्षभराचा काळपटपणा उतरून सारा दरबार लखलखू लागे. चिंचेचा मान मिळाला म्हणजे राज्यात जागा मिळाली. जो नको म्हणेल त्याला उकिरड्याचा रस्ता दाखवला जाई.

काळ्या पाट्याला मात्र हा मान कोणी देत नसे. तो दारामागे पडून वाटण वाटी. तो चकाकेल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, आणि त्यामुळे तो मोठ्या सुखात होता.

अशा या राज्यात एका उन्हाळ्यात संगमरवराची लादी आली. तिच्या अंगावर ठेवलेले लोणी वितळत नसे, लाटलेली पोळी चिकटत नसे. ओल्या फडक्याचा एक हात फिरला की ती पुन्हा स्वच्छ. पण घंगाळमहाराजांचा जीव जडला तो दुसऱ्याच कारणाने. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि तिच्यात त्यांना आपले तोंड दिसले.

"वा!" महाराज म्हणाले. "हिला यंदा पहिला मान."

पहिल्या मानाच्या बातमीने पराती जळफळल्या. लादीला संकोच वाटला, पण आनंदही झाला. परक्या ठिकाणी इतके कौतुक कोणाला नको असते? सणाच्या आदल्या दिवशी शेंडीने तिला चिंच चोळली. तिच्या अंगावर बारीक बुडबुडे उठले.

"बघा, बघा, कशी खुलली!" कळशी ओरडली, आणि दरबाराने टाळ्या पिटल्या.

लादीचे अंग भाजत होते. चिंच धुतली गेल्यावर तिने स्वतःकडे पाहिले, तर तुकतुकी जागोजागी उडाली होती.

संध्याकाळी दारामागून पाटा म्हणाला, "पोरी, मी रोज चिंच वाटतो, माझं काही बिघडत नाही. पण तुझा दगड वेगळा. आंबट तुला खातं. सांग की त्यांना."

"मानाला नको कसं म्हणू, काका? त्यांनी प्रेमाने दिलाय."

पाटा पुन्हा वाटणाला लागला.

वर्षभरात पोळ्या तिला थोड्या थोड्या चिकटू लागल्या. परातींनी ही गोष्ट तत्परतेने दरबाराच्या कानावर घातली. महाराज स्वतः आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि डोळे बारीक करून पाहू लागले. तोंड अंधूक दिसत होते.

"मळ साचलाय," त्यांनी निदान केले. महाराजांच्या स्वतःच्या अंगावर जेव्हा जेव्हा अंधूकपणा आला होता, तेव्हा तेव्हा तो मळच निघाला होता. हे निदान चुकीचे असू शकेल असे त्यांच्या मनातही आले नाही. "गेल्या खेपेला हात हलका पडला असणार."

पुढच्या सणाला लादीने सगळा धीर एकवटला. शेंडी चिंच घेऊन जवळ आली तेव्हा ती भरदरबारात म्हणाली, "महाराज, मला चिंच सोसत नाही. माझी झिलई जाते. नुसतं ओलं फडकं द्या, तेवढं मला पुरे."

दारामागे पाट्याने श्वास रोखून धरला. उकिरड्याचा रस्ता सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

मग महाराज मोठ्याने हसले. "किती विनय! नुसतं फडकं मागते! अरे, असं निगर्वी कोणी आहे का तुमच्यात?"

दरबारही हसला. परातींचे डोळे पाणावले. शेंडी म्हणाली, "लाजू नको गं. दरबार तुझाच आहे," आणि तिने लादीला चिंच चोळलीच.

आणि अशा गुणी लादीला चिंच कमी पडते, म्हणून महाराजांनी लिंबे मागवली. एवढा मान त्या राज्यात आजवर कोणालाही मिळाला नव्हता. लिंबे येईपर्यंत महाराजांनी स्वतःला घासून घेतले. उगवत्या सूर्यासारखे तांबूस झळकत ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिच्यात त्यांना काहीच दिसले नाही, नुसता पांढुरका खरबरीतपणा. त्यांना खरोखरच वाईट वाटले.

"बिचारी," ते म्हणाले. "चांगलं जोर लावून चोळा."

शेंडीने लिंबू पिळले. लादीच्या अंगभर पांढराशुभ्र फेस उसळला, आणि दरबाराने उभे राहून टाळ्या वाजवल्या.