न विचारता भरलेला रकाना

एकदा एक वृद्ध संगणकगुरू होते, खानझोडे सर. तालुक्याच्या धर्मादाय दवाखान्याला रुग्णनोंदणीची वेबसाइट हवी होती. ते काम त्यांनी आपल्या शिष्येवर, तेजलवर सोपवले. तेजल हुशार, पण हुशार माणसांना घाई फार, हे मी आयुष्यभर बघत आलो आहे.

नोंदणीच्या खिडकीवर शकूताई बसत. त्यांचे श्रम वाचावेत म्हणून तेजलने अर्जाच्या पानावरच काही उत्तरे आधी लिहून ठेवली. तालुका हाच, भाषा मराठी, औषधाची ॲलर्जी 'नाही'. शकूताई जाम खूश! उद्यापासून सारा दवाखाना याच नोंदींवर चालणार होता.

संध्याकाळी सर आले. शाबासकी वगैरे काही नाही. "शकूताई, मागच्या आठवड्यात चाचणीसाठी माझी नोंद केली होती ना? तिच्यातला फोन नंबर तेवढा बदला." शकूताईंनी नंबर बदलून 'जतन करा'चे बटण दाबले. सर उठून थेट इंजेक्शनच्या खोलीत गेले, स्टुलावर बसले आणि बाही वर सारली. "सिस्टर, माझी नोंद बघून सांगा, मला पेनिसिलिन चालेल?"

सिस्टरने पडद्यावर पाहिले. "चालेल की. ॲलर्जी 'नाही' लिहिलंय."

"अहो सर, काय करताय!" तेजल किंचाळली. "तुम्हाला चालत नाही ते! मी स्वतः लिहिलं होतं तुमच्या नोंदीत!"

"लिहिलं होतंस. आता ते नाही," सर शांतपणे म्हणाले आणि त्यांनी बाही खाली केली. "तू उत्तर पानावर लिहिलंस, बाळ. पान नव्या नोंदीसाठी उघडतं, तसंच जुन्या नोंदीसाठीही उघडतं. नोंदीत काय आहे हे न बघता त्यानं आपलंच 'नाही' पुढे केलं, आणि तेच जतन झालं. सुरुवातीचं उत्तर द्यायचंच, तर नवी नोंद जन्मते तिथे, मॉडेलमध्ये दे. कंट्रोलर, म्हणजे मधला ने-आण करणारा, ती नोंद पानाकडे नेईल. पानानं हाती आलेलं तेवढंच दाखवावं."

तेजलचे डोळे भरून आले. "तालुका, भाषा तिथे देते. आणि ॲलर्जी?"

"ती कुठेच भरू नकोस. आपल्याला ठाऊक नाही ते माणसाला विचारायचं."

सकाळी पहिल्याच अर्जाला शकूताईंचा हात रिकाम्या रकान्यापाशी अडला. त्या जरा वैतागल्याच. मग खिडकीतून वाकून म्हणाल्या, "आजी, एखादं औषध सोसत नाही असं आहे का हो?"

"आहे ना! सल्फाची गोळी घेतली की अंगभर गांधी उठतात. मागं तर श्वासच अडकला होता. पण बाई, आजवर कुणी विचारलंच नाही."

तेजल मागेच उभी होती. शकूताई रकान्यात 'सल्फा' लिहीपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली.

आपण तर घरातल्या माणसांचेही रकाने न विचारता भरून मोकळे होतो.