चालीतली उचकी

माणसाला अजून बासरी सुचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. दयाळ पक्ष्याने एक नवी चाल बांधली. बांधताना त्याला उचकी लागली, ती चालीतच राहून गेली.

नकला करण्यात पटाईत असलेला कोतवाल पक्षी म्हणाला, "दयाळदादा, ही चाल मी पलीकडच्या रानात गाऊ?"

"खुशाल गा. फक्त माझं नाव सांग."

पलीकडे वाहवा झाली आणि कोतवाल बोलून गेला, "माझीच आहे!" तो पुन्हा गायला. त्याच जागी पुन्हा उचकी.

म्हातारी साळुंकी म्हणाली, "अरे, आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की उचकी थांबते. कुणाचं राहिलंय का?"

कोतवालाने मान खाली घातली. "दयाळाचं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं घे, बाबा. पुटपुटून थांबत नाही ती."