गोमेची भवानी

त्या मुलखात जनावरांचा एकच बाजार होता. नदीकाठच्या उंचवट्यावर दगडी ओट्यांची लांब रांग होती आणि एकेका ओट्यावर एकेक जनावर बसून आपापला माल विकत होतं. खार शेंगा विकायची, मुंगूस मीठ विकायचं. चिचुंद्री अत्तर विकायची, आणि घेणारेही होते. रांगेच्या अगदी टोकाला, जिथे ऊन सगळ्यात आधी यायचं, तिथे अनसाबाई साळिंदर सुया आणि दाभणं विकायची. माल तिच्या पाठीवरच उगवायचा. गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारायची, "शिवायचंय काय?" मग पाठीवरून बेताचा काटा उपटायची, दगडावर घासायची, त्याला नेढं पाडायची आणि वर दोन शब्द सुनवायची. "मागची कुठे घातलीस? दात कोरलेस ना तिने?" गिऱ्हाईक हसत न्यायचं. ती सुई मोडायची नाही.

या बाजाराची एक रीत होती. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ज्याची भवानी झाली, त्याने दुसरं गिऱ्हाईक घ्यायचं नाही. ज्या ओट्यावर अजून भवानी झाली नाही, तिकडे त्याला धाडायचं. सगळ्या ओट्यांची झाली की मग ज्याचा त्याचा धंदा. रीत चांगलीच होती. पण जनावरांना तिचा इतका अभिमान की पाळताना ती इकडेतिकडे बघत, कुणी बघतंय ना म्हणून. वाटसरू भेटला की खार छातीवर हात ठेवून सांगायची, "आमच्यात असं असतं हो." आणि डोळे पुसायची.

रीतीला एक शेपूट होतं. ज्या ओट्यावर सबंध उन्हाळाभर भवानी होणार नाही, तो ओटा मागेल त्याला द्यायचा. सगळा बाजार गिऱ्हाईक धाडतोय आणि तरी विकलं जात नाही, म्हणजे मालातच खोट असणार, असं वाडवडिलांनी ठरवून ठेवलं होतं. हे कलम कधी कुणाला लागलं नव्हतं, म्हणून ते कुणी नीट वाचलंही नव्हतं.

मग गोम आली. वेशीजवळचं म्हातारं कासव ओटा सोडून नदीत गेलं होतं, तो ओटा तिने मागितला. आवाज मधाचा. "एकच पाय टेकवते हो. बाकीची मी मागच्या चरात पडून राहीन, कुणाला दिसणारसुद्धा नाही." बाजाराचा पंच होता दगडू बोकड. त्याने दाढी कुरवाळली आणि हो म्हटलं. कुणी आर्जव केलं की बोकडाला आपण शहाणे आहोत असं वाटायचं. तेवढ्यासाठी त्याने वाघालाही जागा दिली असती.

एका पायामागून दुसरा आला. मुंगसाचे गुडघे दुखत होते, त्याने ओटा दिला. खारीला कंटाळा आला होता, तिनेही दिला, आणि मग गोमेलाच शेंगा पोचवायला लागली, मागच्या बाजूने, चरातून वाकून. काल ओट्यावर बसून गिऱ्हाइकाला थांबवून ठेवणारी खार आज गोमेच्या पोटाखालून घुसायची आणि बाहेर येऊन अंग झटकत म्हणायची, "डोक्याला ताप नाही बघा आता."

हळूहळू अनसाबाईचा सोडून प्रत्येक ओट्यावर गोमेचा एक पाय उभा असायचा. सगळे पाय सारखे, सगळ्यांवर सारखा पिवळा रंग, सगळ्यांच्या तोंडी एकच बोलणं, "यावं, बसावं, आपलंच दुकान आहे." आता पायाला तोंड कुठलं? बोलणं चरातून यायचं. पण चरात वाकून बघायची कुणाला गरज वाटली नाही. एकाच पायाशी मीठ, शेंगा, अत्तर, सुया सगळं मिळायचं, एकाच मापाच्या पानात बांधलेलं. मिठाला किंचित अत्तराचा वास यायचा. जनावरं म्हणायची, काय स्वच्छता!

आणि गोम रीत पाळायची. अगदी काटेकोर पाळायची. वेशीतून गिऱ्हाईक आलं की पहिला पाय म्हणायचा, "माझी भवानी झाली, पुढच्याची व्हायचीय." पुढचा पाय त्याच्या पुढच्याकडे धाडायचा. असं करत गिऱ्हाईक पायापायाने पिशवी भरत जायचं आणि रांगेच्या टोकापर्यंत पोचायच्या आत घरी वळायचं. बाजार धन्य झाला. बोकड म्हणाला, "परक्या मुलखातली असून बघा कशी रीत सांभाळते! शिका जरा."

टोकाला अनसाबाई बसून राहायची. उन्हाळा चढत गेला. पाठीवरचे काटे वाढून इतके दाट झाले की तिला मान वळवता येईना. एखादं गिऱ्हाईक चुकून तिच्या दिशेने निघालं, तर चिचुंद्रीच मध्ये आडवी व्हायची. "अहो, त्या पायाची नाही झाली अजून भवानी! आमच्यात असं चालत नाही."

शेवटी अनसाबाईने पंचासमोर गाऱ्हाणं घातलं. सगळा बाजार गोळा झाला, कारण दुसऱ्याचं गाऱ्हाणं फुकट बघायला मिळतं.

"दगडूअण्णा," ती म्हणाली, "भवानी पायाची असते का तोंडाची?"

"ओट्याची असते, अनसाबाई. ओट्यावर जो आहे त्याची."

"ओट्यावर पाय आहे. खाणारं तोंड चरात आहे आणि ते एकच आहे. एका तोंडाची एक भवानी. आज सकाळीच झाली तिची. बाकी गिऱ्हाईक माझ्याकडे यायला पाहिजे."

बोकडाने डोळे मिटले. डोळे मिटले की तो विचार करतोय असं वाटायचं. "वाडवडिलांनी तोंडाचं काही सांगितलेलं नाही."

"वाडवडिलांनी शंभर पायांचं जनावर बघितलं नव्हतं!"

"आवाज चढवू नका. ती बिचारी चरात पडून राहते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्ही मात्र टोचून बोलता. गिऱ्हाईक का येत नाही, ते आधी स्वतःला विचारा."

"तुमची झूल, तुमच्या पोरांचे तोबरे, सगळं माझ्या सुईने शिवलंय, अण्णा. तेव्हा नाही टोचले ते काटे."

जमलेली जनावरं हसली. कुणाला हसली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घोरपड म्हणाली, "पण गोमेकडे सावली असते हो. गार वाटतं." यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि गाऱ्हाणं संपलं.

उन्हाळ्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी एक भवानी झाली असती, तर ओटा वाचला असता. उन्हं कलायला आली तेव्हा सरू म्हैस डुलत डुलत टोकाला आली. तिच्या पाठीवरचं गोणपाट उभं फाटलं होतं. अनसाबाई ताठ बसली.

"शिवायचंय काय?" तिने विचारलं, जरी दिसत होतं.

"हे बघ ना गं अनसे." म्हशीने पिवळं पान उलगडलं. आत दाभण होतं, वाकलेलं. "गोमेकडून घेतलं. पहिल्याच टाक्याला असं झालं. तुला यातलं कळतं, जरा सरळ करून दे. आणि पहिले चार टाके तूच घाल, मला जमत नाही."

"नवं घे माझ्याकडून. गोणपाटाचा काटा आहे, बघ, हा. आज माझी भवानी होऊ दे, सरू. ओटा जाईल माझा."

म्हैस रवंथ करत तिच्याकडे बघत राहिली. तिला वाईट वाटत होतं. वाईट वाटायला काही उठावं लागत नाही. "पण एक आहे ना आता माझ्याकडे," ती म्हणाली. "दोन-दोन घेऊन काय करू?"

"मग जा तिच्याकडूनच शिवून घे."

"ती नाही गं शिवून देत. नुसतं विकते."

अनसाबाईने वाकलेलं दाभण पानात गुंडाळून परत दिलं. म्हैस जाताना चिचुंद्रीला सांगून गेली की साळिंदरणीला फार मिजास आलीय.

दुसऱ्या दिवशी बोकडाने रीतीप्रमाणे ओटा मोकळा करून दिला, आणि त्यावर गोमेचा शेवटचा पाय टेकला. तो पाय इतके दिवस हवेत लटकत होता. आता सगळे टेकले. गोमेला या मुलखात आल्यापासून पहिल्यांदा नीट जोर लावता आला. तिने अंग चरातून वर उचललं आणि जनावरांनी तिला प्रथमच सबंध पाहिलं. तिने जनावरांकडे पाहिलं नाही. पलीकडच्या मुलखात याहून मोठा बाजार भरतो, असं तिच्या कानावर आलं होतं. तिने पहिला पाय उचलला. पायाला चिकटून ओटाही उखडून आला. मग दुसरा, मग तिसरा. दगडी जोडे घातल्यासारखी ती खडखडत टेकडीकडे निघाली, आणि मागे चौकोनी खड्ड्यांची रांग उरली.

जनावरं खड्ड्यांच्या काठाशी येऊन आत वाकून बघू लागली. मग चिचुंद्री म्हणाली, "आता मीठ?" आणि एकदम गडबड उडाली. बोकड पुढे झाला. "धक्काबुक्की नको, रांगेत चला!" ज्याने त्याने रिकामी पिशवी तोंडात धरली.

आपल्या खड्ड्यात, ओल्या मातीवर, अनसाबाई बसली होती. म्हैस तिच्याजवळ थबकली. गोणपाट आता दोन्हीकडे लोंबत होतं.

"चल की अनसे, बाजारात."

"बाजार कुठाय?"

"तो काय, पुढे चाललाय." म्हैस घाईने रांगेत शिरली.

टेकडीवर गोम वळणं घेत चढत होती. तिच्या मागे खार, मुंगूस, घोरपड, चिचुंद्री, म्हैस, एकामागे एक, खाली मान घालून, दगडांच्या खडखडाटाच्या ठेक्यावर पाय टाकत निघाली होती. धूळ उडाली, तिच्यात गोमेचं शेपूट दिसेनासं झालं. खालून बघताना ती नेमकी कुठे संपते ते कळत नव्हतं. तिला मागच्या बाजूने आणखी पाय फुटत चालले होते.